फेख्त नदीकाठचे चहामंडप

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमचे कालवे मालवाहतुकीचे मार्ग होते, तशीच ती शहराची गटारेही होती. उन्हाळ्यात त्यांची दुर्गंधी असह्य झाली की ऐपतदार व्यापारी कुटुंबे 'बाउटनप्लाट्स'मध्ये, म्हणजे शहराबाहेरच्या, बागेने वेढलेल्या हवेलीत, मुक्काम हलवीत. अशा हवेल्यांची दाटी झाली ती उत्रेख्तकडून माउडेनकडे संथ वाहणाऱ्या फेख्त नदीच्या काठी. पुढे ॲमस्टरडॅमचा महापौर झालेल्या योहान हाउडेकोपर याने मार्सेन येथे १६२८ मध्ये उभारलेली खाउडेस्टाइन ही त्यांतील आरंभीची एक होय.

हवेल्यांपेक्षाही अभ्यासनीय ठरते ती बागेच्या टोकाला, अगदी पाण्यालगत बांधलेली 'टेकूपल' ही वास्तू. टेकूपल म्हणजे चहामंडप: बहुधा षट्कोनी किंवा अष्टकोनी अशी एकच खोली, जिच्या खिडक्या नदीकडे उघडत. जूनमधला दिवस तेथे सुमारे पावणेसतरा तासांचा असल्याने संध्याकाळी उजेड बराच वेळ रेंगाळे, आणि त्या उजेडात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, लांब दांडीचा मातीचा पाइप ओढत, मंडळी नदीवरची रहदारी न्याहाळीत बसत. काठावरून चालणाऱ्या घोड्याने दोराने ओढलेली 'ट्रेकस्खाउट' ही प्रवासी होडी तासाला जेमतेम ७ किलोमीटर जाई, त्यामुळे होडीतले व मंडपातले लोक एकमेकांना निवांत पाहू शकत. झोप, स्वयंपाक वा हिशेब यांसाठी नव्हे, केवळ स्वस्थ बसण्यासाठी स्वतंत्र वास्तू बांधणे हा स्वस्थतेचा फार मोठा सन्मान होता.

हा सन्मान मात्र निर्मळ नव्हता. चहा आणि पेले आणणारी डच ईस्ट इंडिया कंपनी तोफांच्या बळावर व्यापार करी. तिनेच १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली, जी गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या आरमाराच्या उपयोगी पडे आणि जिचे अवशेष आजही तेथे दिसतात. १७९९ च्या अखेरीस कंपनी संपुष्टात आली, फ्रेंच अमलात व्यापारी घराणी खचली, आणि अनेक हवेल्या पाडल्या गेल्या.

कामकरी वर्गाच्या वाट्याला असा निवांतपणा फार उशिरा आला. १९१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या 'फोल्क्सताउन'धारकांचा, म्हणजे भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या लहान तुकड्यावर भाजी व फुले लावणाऱ्यांचा, संघ स्थापन झाला. १९१९ च्या कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवून शनिवारची दुपार मोकळी केली. पूर्ण शनिवारची सुट्टी बहुसंख्य डच कामगारांना मिळाली ती १९६० च्या दशकात.