निळ्या रेषेवरचा पेत्र

१९७५चा ऑक्टोबर. तुम्ही चेकोस्लोव्हाकियाच्या उत्तरेला, मोस्ट गावात उभे आहात. गावाच्या पोटात कोळसा आहे, म्हणून सरकारनं जुनं मोस्ट पाडायला घेतलंय. एक चर्च तेवढं वाचवलंय, तेही रुळांवर चढवून. ८४१ मीटर सरकायला त्याला जवळपास महिना लागणार. वेग मिनिटाला एक ते तीन सेंटीमीटर! भिंतीकडे टक लावून पाहिलं तरी ती हलतेय हे कळत नाही.

या गावात जन्मलेला पेत्र स्वोबोदा आत्ता ९ वर्षांचा आहे. शेजारच्या लित्वीनोवच्या आइस हॉकी संघात तो बचावपटू म्हणून नाव काढेल.

आता जून १९८४, कॅनडातलं माँट्रियल. फोरमच्या सभागृहात व्यावसायिक लीगचे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतायत. पाचव्या पाळीला माँट्रियल कॅनेडियन्सचे सर्ज सावार्ड एक चेक नाव घेतात आणि तो पोरगा चक्क समोर येतो. सगळे अवाक! पश्चिम जर्मनीतल्या ज्युनियर स्पर्धेतून पेत्र निसटला होता; तो इथे आलाय ही गोष्ट क्लबनं गुप्त ठेवली होती. त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून घ्या. वय १८. आईबाप तिकडे, आणि मायदेशी परतायची वाट बंद. मला ही उडी त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा मोठी वाटते.

पुढची वर्षं भराभर जातात. १९८६मध्ये माँट्रियलसोबत लीगचा करंडक, स्टॅनले कप, मग बफेलो, मग फिलाडेल्फिया. २००१मध्ये टँपाला तो थांबेल तेव्हा हिशेब असेल १०२८ सामने आणि अवघे ५८ गोल. अवघे म्हणायचं ते आक्रमकांच्या मापानं. समोरच्याला कडेच्या फळीवर दाबून धरणं, पक म्हणजे खेळाची चकती काढून पुढे देणं, मारा अंगावर घेणं, याचे आकडे कोण लक्षात ठेवतं? बचावपटूचं आयुष्य मात्र त्यातच जातं.

२२ फेब्रुवारी १९९८, जपानमधलं नागानो. ऑलिम्पिकची अंतिम लढत, चेक विरुद्ध रशिया. लीगचे तारे पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आलेत. सामना सुरू झाला तेव्हा प्रागमध्ये उजाडलंही नव्हतं, तरी जुन्या शहराच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर हजारो लोक जमलेत. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले तेव्हा पेत्र २ वर्षांचा होता. आज समोर रशिया आहे म्हटल्यावर तो चौक कशासाठी जागा आहे, हे सांगायला नको. चेक प्रशिक्षक इवान ह्लिंका, तेही मोस्टचेच.

तिसरं सत्र, ०-०. तुम्ही काचेला नाक लावून उभे आहात. रशियाच्या गोलजवळ फेस-ऑफ होतोय, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू. पातेरा पक जिंकतो, प्रोहाझ्का तो मागे ढकलतो. हल्ल्याच्या पट्ट्याच्या कडेला, निळ्या रेषेवर पेत्र. त्याच्या आणि गोलरक्षक श्तालेन्कोव्हच्या मध्ये माणसांची नुसती भिंत. गोठवलेला कडक रबरी पक काठीवर आदळतो, तो फटका तुमच्या छातीत बसतो. पक त्या गर्दीतून आरपार, थेट जाळ्यात! खेळाची ४८ मिनिटं ८ सेकंद झालीत. सगळे त्याच्यावर तुटून पडतात. तुम्हीही ओरडा, इथे कोण ऐकतंय.

पण लगेच निघू नका. अजून ११ मिनिटं ५२ सेकंद बाकी आहेत. दुसऱ्या टोकाला डोमिनिक हाशेक पुन्हा गोलसमोर वाकलाय, पावेल बुरे वेग घेतोय, आणि पेत्र मागे सरकत सरकत आपली जागा पकडतोय. सामना १-० असाच संपेल तो या मिनिटांमुळे. ती सगळी बघा.