तळटीप : स्कोफिल्डची निनावी थडगी

१२. विंटर क्वार्टर्स ही अमेरिकेतल्या युटा राज्यातली कोळशाची खाण. १ मे १९०० रोजी तिच्या चार नंबरच्या खाणीत स्फोट झाला आणि किमान २०० माणसे गेली. त्यातली बरीचशी शेजारच्या एक नंबरच्या खाणीत होती. जोडबोगद्यांतून आलेल्या विषारी वायूने ती गुदमरली. शवपेट्या पुरेनात, म्हणून डेन्व्हरहून मागवाव्या लागल्या. मृतांत फिनलंडहून आलेले मजूर पुष्कळ. खाणीजवळच्या स्कोफिल्ड गावच्या दफनभूमीत अनेकांच्या उशाशी लाकडी फळ्याच होत्या आणि फळ्या बर्फापावसात टिकत नाहीत.

मजकुरात आलेली ‘मोकळी जमीन’ म्हणूनच मोकळी समजू नये. एकदा खणलेली माती आजूबाजूच्या मातीसारखी पुन्हा बसत नाही. भूवेधी रडार हा फरक टिपते. अशा पाहणीत पुरातत्त्वज्ञांबरोबर विद्यार्थी दोऱ्या ताणून चौकटी आखतात, रडारची गाडी एकेका ओळीतून सावकाश ढकलतात, संशयित जागी निशाणे रोवतात. कुदळ लागत नाही. मात्र खड्डा कुणाचा, हे रडार सांगू शकत नाही. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रे, चर्चच्या नोंदी, मृतांच्या याद्या ताडून पाहाव्या लागतात. परदेशी आडनावे कारकुनांनी ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे एकच माणूस दोन नावांनी भेटतो. विद्यार्थ्यांचे हे किचकट काम मला रडारइतकेच मोलाचे वाटते. — संपा.