महाविष्णूचे ड्रम कुठून आले?

१९७१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभारला. नावामुळे आणि विषम मात्रांमुळे आपल्याकडचे अनेक चाहते बिली कॉबम यांच्या ड्रमवादनात थेट तबलाच ऐकतात. मोह समजण्याजोगा आहे. ‘बर्ड्‌स ऑफ फायर’च्या १८ मात्रा मोजताना माझाही हात मांडीवर टाळी देऊ लागतो.

पुरावा मात्र वेगळा आहे. कॉबम जन्माने पनामाचे, वाढले न्यूयॉर्कमध्ये. किशोरवयात संचलनाच्या ड्रमपथकात आणि पुढे १९६५ ते १९६८ अमेरिकी सैन्याच्या बँडमध्ये त्यांचा हात घडला. स्नेअरवरचे ते दाट, काटेकोर आघात तिथले. डाव्या हाताने हाय-हॅट वाजवल्यामुळे त्यांचा उजवा हात इतर ड्रमवर मोकळा फिरतो.

मॅक्लॉफ्लिन यांच्या संगीतात तबला केंद्रस्थानी आला तो नंतर, झाकीर हुसेन यांच्यासह, ‘शक्ती’मध्ये. तिथे ड्रमसेट नव्हताच.