खेड्यातले चर्च कुणाचे?

मिरजगाव काय, वडाळा काय, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतले चर्च म्हटले की लोक म्हणतात, "ही गोऱ्या साहेबाची देणगी!" आम्हाला हे मान्य नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. पण खेड्यांतल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार-मांगांच्या बळावर. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांनी तिथे अक्षर आणि माणूसपण शोधले. त्यांनी धर्म बदलला. गावाने मात्र त्यांची जात पुसली नाही. तरी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये आम्हा बौद्धांना दार उघडले; दलित ख्रिस्ती आजही उंबऱ्याबाहेर आहेत. मित्रांनो, त्या चर्चचा इतिहास परका समजू नका. तो आपल्याच वस्तीचा आहे. जय भीम!