सोवेटोमधील किशोरवयीनांची स्थूलता

सोवेटोमधील किशोरवयीनांची स्थूलता हा दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येस वसलेल्या सोवेटो या कृष्णवर्णीयबहुल वस्तीतील सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. आफ्रिका म्हटले की उपाशी बालकाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. शहरी आफ्रिकेतील वास्तव याहून गुंतागुंतीचे आहे. एकाच घरात वाढ खुंटलेले मूल आणि स्थूल आई किंवा बहीण आढळते. यास कुपोषणाचा दुहेरी भार म्हणतात.

व्याख्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भमानानुसार ५ ते १९ वर्षे वयोगटात वयानुरूप बीएमआय मध्यकापेक्षा एका प्रमाण विचलनाहून अधिक असल्यास अतिवजन, तर दोहोंहून अधिक असल्यास स्थूलता मानतात.

अभ्यास

या विषयाची बरीचशी माहिती 'बर्थ टू ट्वेंटी' या दीर्घकालीन अभ्यासातून मिळते. १९९० साली, नेल्सन मंडेला यांच्या सुटकेनंतर काही आठवड्यांतच जन्मलेल्या सोवेटो-जोहान्सबर्गमधील ३,२७३ बालकांची त्यासाठी नोंद झाली. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये अतिवजनाचे प्रमाण बरेच अधिक असून पौगंडावस्थेत ही तफावत रुंदावते. प्रौढांतही तेच दिसते: २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६८ टक्के स्त्रिया व ३१ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल होते.

कारणे

'कोटा' हा येथील लोकप्रिय रस्त्यावरचा पदार्थ होय. पावाचा चतुर्थांश भाग पोखरून त्यात तळलेले बटाट्याचे काप, पोलोनी नावाचे प्रक्रियायुक्त मांस आणि 'अचार' भरतात. (हा शब्द व पदार्थ भारतीय स्थलांतरितांबरोबर तेथे गेला.) तो स्वस्त असतो, पोट भरते आणि कोपऱ्यावर मिळतो; फळे-भाज्या या तिन्ही बाबतींत मागे पडतात. न्याहारी टाळणे, शाळेजवळ मिळणारे 'मग्विन्या' हे तळलेले गोळे आणि गोड शीतपेये यांची त्यात भर पडते. त्यामुळे दोष केवळ मुलांच्या आवडीनिवडीस देणे योग्य ठरणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस व्यायाम सुचवते. परंतु गुन्हेगारीच्या भीतीने मुलींचे मोकळ्या जागेत खेळणे आक्रसते. शाळेत शारीरिक शिक्षण हा स्वतंत्र विषय नसून 'लाइफ ओरिएंटेशन' या विषयाचा एक भाग आहे.

याखेरीज देहाविषयीच्या समजुतीही महत्त्वाच्या आहेत. भरलेले शरीर हे सुस्थितीचे लक्षण मानले जाते. एड्सच्या साथीत कृशतेला रोगाच्या संशयाची छाया चिकटली. अशा समाजात 'वजन कमी करा' हा सल्ला मुलीच्या कानी निराळ्याच अर्थाने पडू शकतो.

परिणाम व उपाययोजना

किशोरवयातील स्थूलता बहुधा प्रौढपणीही टिकते आणि उच्च रक्तदाब, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढवते. दक्षिण आफ्रिकेने १ एप्रिल २०१८ पासून साखरयुक्त पेयांवर कर लागू केला. १०० मिलिलिटरमागे पहिल्या ४ ग्रॅम साखरेवर तो आकारला जात नाही. त्यानंतर अनेक उत्पादकांनी पेयांतील साखर घटवली. कोटा किंवा मग्विन्या मात्र या कराच्या कक्षेत येत नाहीत.