पळीचे माप आणि परार्ध

चाळीसगावजवळच्या पाटणला तुम्ही देवीच्या दर्शनासाठी गेला असाल. तेथला १२०७ सालचा यादवकालीन शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापला. त्या मठाला घाण्यामागे पळी पळी तेल लावून दिले होते, हे त्या लेखात जुन्या मराठीत कोरले आहे. पळी म्हटली, की माप ठरले. नुसते 'तेल द्यावे' एवढेच असते, तर तेली आणि मठ यांची रोज हुज्जत!

आकड्यांनाही माप लागते. 'लीलावती'त (सुमारे ११५०) भास्कराचार्यांनी एक, दहा, शंभर अशी चढत जाणारी अठरा स्थाने दिली, अठरावे परार्ध. ही नावे पूर्वीच्यांनी व्यवहारासाठी केली, असेही ते सांगतात. आता पाटीवर आकडा वाढला तर आपण डावीकडे एक घर वाढवतो, झाले! गणकयंत्राला ती मुभा नाही. त्याला भांडे आधी नेमून द्यावे लागते.

गणकयंत्राला हिशेब सांगण्याची फोरट्रान ही भाषा १९५७ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. तीत आय ते एन यांपैकी अक्षराने नाव सुरू झाले, की ती चलराशी पूर्णांक. ही सोय मला काही पसंत नाही. नाव लिहिताना अक्षर चुकले, तर यंत्र मुकाट्याने नवीच राशी धरून बसते! १९६६ च्या प्रमाण फोरट्रानमध्ये 'इंटिजर' असे लिहून राशी जाहीर करता येत असे, ते बरे झाले.

आता भांड्याचे माप. दोन बाइटांच्या भांड्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. पहिल्या फोरट्रानची धावही तेवढीच होती. समजा, रावेरच्या बागेतली केळीची खोडे त्यात मोजली. आणखी एक खोड वाढले, की पुष्कळ यंत्रांत उत्तर येते उणे ३२,७६८, आणि यंत्र 'हूं की चूं' करीत नाही! चार बाइटांत २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे लीलावतीच्या दहाव्या स्थानात, अब्जात, पाऊल पडते. पण ते स्थान पुरे होत नाही.

पूर्वी यंत्रागणिक भांडे निराळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० यंत्राचा शब्द ४८ बिटांचा होता. मग एका यंत्रावरचा हिशेब दुसऱ्यावर चालावा कसा? यावर फोरट्रान ९० मध्ये तोड निघाली. 'सिलेक्टेड इंट काइंड' म्हणून कंसात किती अंक हवेत ते लिहायचे. भांडे यंत्राने शोधायचे.

धुळे-जळगावच्या शिक्षकांनी कंसात १८ लिहून पाहावे. आजच्या नेहमीच्या यंत्रात आठ बाइटांचे भांडे मिळते, आणि लीलावतीची अठराच्या अठरा स्थाने, परार्धासकट, त्यात मावतात. मागितलेले माप यंत्रापाशी नसेल, तर उत्तर येते उणे एक.