सरळ म्हणजे किती सरळ?

आता पडद्यावरची ही दोन छायाचित्रं शेजारीशेजारी ठेवून बघा. डावीकडे ताई चीचे यांग छंगफू, उजवीकडे वू जियानछुआन. दोघांचाही एक पाय पुढे, हात पुढे. यांग बरेचसे ताठ. वू मात्र भिंतीला लावलेल्या शिडीसारखे कललेले. लगेच प्रश्न येतो, चुकतंय कोण?

आधी घराणं बघू. छंगफू (१८८३–१९३६) हे यांग लूछान यांचे नातू. जियानछुआन (१८७०–१९४२) यांचे वडील छुआनयौ हेही बीजिंगमध्ये त्याच लूछान यांच्याकडे शिकलेले. मूळ एकच. एवढंच नव्हे, १९१० च्या दशकात हे दोघे बीजिंगच्या एकाच संस्थेत शिकवत होते. तेव्हा अज्ञानातून आलेला हा फरक नव्हे.

जुन्या सूत्रांत शरीरासाठी 'झोंगझेंग' असा शब्द येतो. झोंग म्हणजे मध्य, झेंग म्हणजे सरळ, नीट. त्याचा अर्थ ओळंबा लावल्यासारखं उभं राहणं, एवढाच घ्यायचा का? यांग पद्धतीत पुढच्या पायावर साधारण ७० टक्के भार, मागचं पाऊल बाहेर वळलेलं. धड ताठ राहू शकतं. वू पद्धतीत पावलं समांतर आणि जवळजवळ सगळा भार पुढच्या पायावर. तिथे मागच्या टाचेपासून डोक्यापर्यंत एक रेघ राखायची, तर कलावंच लागतं. शिडी कलते, पण मधे वाकत नाही. कंबरेत मोडलेलं शरीर हा दोष. कललेलं शरीर हा दोष नव्हे.

मग कलणं चूक ठरलं कसं? १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवर बेतलेला २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. पाचसहा मिनिटांत होणारा. त्यामुळे ताई ची घराघरांत पोचली, हे मोठंच काम झालं. पण जो साचा सगळ्यांच्या हाती जातो, तोच हळूहळू मोजपट्टी होतो.

याची किंमत गुडघे मोजतात. एकाचा ताठपणा आणि दुसऱ्याचा भार अशी सरमिसळ केली, की गुडघा पावलाच्या बोटांपुढे जातो आणि सगळा ताण तिथे येतो. म्हणून शिष्य कललाय का, हे नंतर विचारा. रेघ कुठे तुटते आणि भार कुठे पडतो, हे आधी बघा.